स्वस्तातलं भूत नीट कसं बघावं

गणपतीत पुण्यातले हलते देखावे बघताना कुणी तक्रार करत नाही की राक्षसाचा हात मोटरवर हलतोय. मोटरचा घरघराट ऐकू येतो, लगद्याच्या छातीवरचा रंग उडालेला दिसतो, तरी राक्षसाने तोंड उघडलं की पुढची पोरं दोन पावलं मागे सरकतात. पन्नास ते ऐंशीच्या दशकांतले कमी पैशांतले भयपट आणि विज्ञानपट बघायला हीच नजर लागते. नवखा माणूस मात्र कुठली तरी फिकट प्रत, चुकीच्या सेटिंगच्या टीव्हीवर, जेवता जेवता लावतो आणि वीस मिनिटांत ‘काय भिकार आहे’ म्हणून बंद करतो. सिनेमा स्वस्तातला होता हे खरं. तुमच्यासमोरची प्रतही भिकारच असली पाहिजे असं कुठे आहे? म्हणून इथे कथानकांपेक्षा प्रत आणि पडदा यांवर जास्त शब्द खर्च केले आहेत.

आधी कोणता लावायचा

‘जगातला सर्वांत वाईट सिनेमा’ म्हणून जो प्रसिद्ध आहे, तिथून सुरुवात करू नका. बहुतेक जण तेच करतात, आणि मग पुढचा प्रत्येक सिनेमा चुका मोजायच्या नजरेने बघतात. ती सवय लागली की सुटत नाही.

पहिला लावा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८, ९६ मिनिटं). जॉर्ज रोमेरो आणि मंडळींनी तो सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये केला. कृष्णधवल असल्यामुळे रक्त म्हणून चॉकलेट सिरप चाललं. एक घर, थोडी माणसं, बाहेर मेलेल्यांची गर्दी, बस. पैसा नसल्याने सगळं एकाच घरात कोंडलं गेलं, आणि त्या कोंडण्यातूनच भीती तयार होते.

दुसरा ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ (१९६२, ७८ मिनिटं). दिग्दर्शक हर्क हार्वी कॅन्ससमधल्या एका कंपनीत शैक्षणिक आणि औद्योगिक माहितीपट करायचे. युटामध्ये ग्रेट सॉल्ट लेकच्या काठी ओस पडलेला सॉल्टएअरचा मंडप त्यांना दिसला आणि त्या जागेभोवती गोष्ट उभी राहिली. पांढऱ्या चेहऱ्याचा माणूस म्हणून ते स्वतःच उभे राहिले. हा सिनेमा दचकवत नाही, अंगावर हळूहळू चढतो. फोन हातात असेल तर अजिबात चढत नाही.

तिसरा ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ (१९६०, ७२ मिनिटं). रॉजर कॉर्मन यांनी आधीच उभ्या असलेल्या सेटवर मुख्य चित्रीकरण दोन दिवस आणि एका रात्रीत उरकलं. माणसं खाणारं रोपटं आणि ते पोसणारा फुलवाल्याचा नोकर. छोट्या भूमिकेत तरुण जॅक निकल्सन आहे, तो शोधा. यात हसू हेतुपुरस्सर आहे, आणि ते ओळखता येणं नवख्यासाठी महत्त्वाचं.

मग जॉन कार्पेंटर यांचा ‘डार्क स्टार’ (१९७४). यातला परग्रहवासी म्हणजे समुद्रावर खेळायचा हवा भरलेला रबरी चेंडू, त्याला खाली पंजे लावलेले. लिफ्टच्या खोबणीतला त्याचा पाठलाग बघा. चेंडू आहे हे लपवायचा कुणी प्रयत्न करत नाही, आणि तरी दोन मिनिटांत त्या चेंडूला स्वभाव येतो. आपल्याकडे ‘झपाटलेला’ (१९९३) बघितलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याचे सांधे दिसत असूनही तात्या विंचू खोलीत आला की मान वळतेच.

एड वुड यांचा ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ म्हणजे तोच तो ‘सर्वांत वाईट’ सिनेमा. तो पाचव्या नंबरवर ठेवा. एव्हाना तुम्हाला चूक आणि युक्ती यांतला फरक कळू लागलेला असेल. त्यातले नट बेला लुगोसी १९५६ मध्ये वारले. त्यांचं चित्रण मोजकंच झालं होतं. उरलेल्या दृश्यांत वुड यांनी पत्नीच्या ओळखीचे, मणक्यांचे उपचार करणारे एक गृहस्थ उभे केले. ते लुगोसींपेक्षा उंच, चेहरा वेगळा. म्हणून ते सगळीकडे अंगरखा नाकापर्यंत ओढून चालतात. हे माहीत असताना ती दृश्यं बघितली की हसूही येतं आणि वुड यांच्या हट्टाचं कौतुकही वाटतं.

एक सावधगिरी. ‘कल्ट’, म्हणजे मोजक्या चाहत्यांनी डोक्यावर घेतलेला, या शिक्क्याखाली काहीही खपतं. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या इटालियन नरभक्षकपटांपैकी ‘कॅनिबल होलोकॉस्ट’सारख्यांत (१९८०) प्राणी खरोखर मारलेले आहेत. बऱ्याच सिनेमांत बलात्काराचं चित्रण मालमसाला म्हणून येतं. घरातल्यांसमोर लावण्याआधी सिनेमाबद्दल दोन ओळी वाचा. आणि ‘जुना आहे, कृष्णधवल आहे’ म्हणून मुलांना बसवू नका. यादीतला पहिलाच सिनेमा दहा वर्षांच्या मुलाची झोप उडवायला पुरेसा आहे.

कोणती प्रत

वरच्या यादीतला पहिला सिनेमा अमेरिकेत कॉपीराइटमुक्त आहे, तोही अपघाताने. वितरकाने आधीचं ‘नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स’ हे नाव बदललं, आणि नवी पाटी लावताना कॉपीराइटची ओळ गळली. त्या काळच्या कायद्यात एवढं पुरे होतं. परिणाम असा की ज्याला वाटेल त्याने प्रती काढल्या. प्रतीवरून प्रत, टीव्हीसाठीच्या प्रिंटवरून टेप, टेपवरून फाइल. यूट्यूब आणि इंटरनेट आर्काइव्हवर हाच सिनेमा डझनभर रूपांत सापडतो आणि त्यातली बहुतेक बघण्यालायक नाहीत. ‘मोफत आहे’ याचा अर्थ ‘पहिलीच क्लिक करा’ असा नाही.

निवड अशी करा. तीन-चार प्रती उघडा आणि प्रत्येकीत तेच एक मिनिट बघा. या सिनेमात सुरुवातीचा स्मशानाचा प्रसंग घ्या. बहिणीबरोबर तिथे आलेल्या जॉनीच्या हातात मोटार चालवायचे हातमोजे आहेत. ते कोटाच्या बाहीपासून वेगळे दिसतात का? आकाशात ढगांच्या छटा आहेत का नुसता पांढरा पत्रा? फिकट प्रतीत हात, बाही आणि कोट यांचा एकच काळा गोळा होतो. हातमोज्यांकडे लक्ष ठेवाच, पुढे त्यांचं काम आहे. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आणि फिल्म फाउंडेशनने मूळ निगेटिव्हवरून या सिनेमाचं ४के पुनर्संस्करण केलं. त्यावरून काढलेली प्रत मिळाली तर बाकीच्या मिटवून टाका. रंग चढवलेली आवृत्ती नको. तिसाव्या वर्षानिमित्त नवी दृश्यं घुसडलेली आवृत्ती तर मुळीच नको.

मग लांबी तपासा. इथे नवखे हमखास फसतात. ९६ मिनिटांचा सिनेमा ९२ मिनिटांचा दिसला की कापला आहे असं वाटतं. बहुधा तसं नसतं. सिनेमा सेकंदाला २४ चौकटी चालतो, पाल पद्धतीचा (भारत-युरोपातल्या जुन्या टीव्हीचा) व्हिडिओ २५. तीच फिल्म थोडी पळवली जाते, सुमारे ४ टक्के वेळ कमी होतो आणि आवाज किंचित चढतो. म्हणजे ९६ चे ९२ ठीक. ९६ चे ८५ झाले तर कात्री चालली आहे. ‘गॉडझिला’चं उदाहरण लक्षात ठेवा: १९५४ ची मूळ जपानी आवृत्ती ९६ मिनिटांची, १९५६ ची अमेरिकी आवृत्ती ८० च्या आसपास, आणि तिच्यात रेमंड बर हा अमेरिकी नट नव्याने घुसवलेला. नाव जवळजवळ तेच, सिनेमा वेगळा. जपानीच बघा.

सबटायटलची भानगडही याच ४ टक्क्यांतून येते. सुरुवातीला जुळलेली सबटायटल तासाभरात अडीच मिनिटांनी घसरली असतील, तर ती वेगळ्या गतीच्या प्रतीसाठी केलेली आहेत. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘जी’ आणि ‘एच’ कळांनी मागेपुढे करून उपयोग नाही, दहा मिनिटांत परत घसरतील. त्या कळा फक्त पहिल्यापासून सारख्याच अंतराने चुकणाऱ्या सबटायटलसाठी. घसरणाऱ्या फाइलची गती सबटायटल एडिट या मोफत प्रोग्राममध्ये बदलून घ्या.

भाषेबद्दल एकच. साठ-सत्तरच्या दशकांतल्या इटालियन भयपटांत आवाज जागेवर ध्वनिमुद्रित करायची पद्धतच नव्हती. नट आपापल्या भाषेत बोलायचे आणि संवाद नंतर भरायचे. मारिओ बावा किंवा दारिओ आर्जेंतो यांचे सिनेमे इंग्रजीत लावा किंवा इटालियनमध्ये, कुणाचे ना कुणाचे ओठ चुकणारच. शुद्धतेचा आग्रह तिथे सोडून द्या.

टीव्ही

नवा टीव्ही दुकानातून येतो तेव्हा क्रिकेटसाठी सजवलेला असतो. जुन्या सिनेमाचं त्याच्याइतकं वाटोळं दुसरं कुणी करत नाही. सगळ्यात आधी हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. एलजीमध्ये ती ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी या नावाने असते. ती चालू असली की टीव्ही दोन चौकटींच्या मध्ये स्वतःच्या मनाने चौकटी भरतो, आणि १९६० चा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. रबरी राक्षस आणखी रबरी होतो. पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’. नॉइज रिडक्शन बंद, कारण फिल्मचा दाणा (चित्रातली बारीक खरखर) त्याला कचरा वाटतो आणि दाण्याबरोबर तो चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही पुसतो. माणसं मेणाची होतात. शार्पनेस शून्याजवळ न्या. सोनीत मात्र ५० हा मधला आकडा आहे, तिथेच राहू द्या.

मग चौकट. या काळातले बरेच सिनेमे जवळपास ४:३ आकाराचे आहेत. म्हणजे तुमच्या रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे यायलाच हवेत. ‘पडदा भरला पाहिजे’ म्हणून कुणी रिमोटवर ‘वाइड’ दाबलं की माणसं बुटकी आणि जाड होतात, ‘झूम’ दाबलं की कपाळं कापली जातात. तपासायची सोपी खूण म्हणजे चाक. ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ मोटारींच्या शर्यतीनेच सुरू होतो, तिथे चाक गोल दिसलं पाहिजे. लॅपटॉपवर व्हीएलसी असेल तर ‘ए’ कळ दाबत राहा, गोल दिसलं की थांबा.

उलटी चूकही होते. पन्नासच्या मध्यानंतर पुष्कळ सिनेमे पूर्ण चौकटीत टिपले गेले, पण थिएटरात वरचा-खालचा भाग झाकून दाखवायचे होते. नंतर व्हिडिओ प्रत काढणाऱ्यांनी ती झाकणी काढून टाकली आणि वरून माइक लोंबकळताना दिसायला लागला. लोक हसतात दिग्दर्शकाला. चूक प्रत काढणाऱ्याची.

रात्रीच्या दृश्यांचंही तसंच. दिवे भाड्याने आणायला पैसे नसले की भर दिवसा फिल्टर लावून, प्रकाश कमी घेऊन रात्र केली जायची. लॅबमध्ये प्रिंट काढताना ती आणखी गडद करणं अपेक्षित असे. प्रत फिकट निघाली की स्मशानात ऊन पडतं. ‘प्लॅन नाइन’मध्ये एकाच प्रसंगात दिवस-रात्र अदलाबदल होते, तिला कुठलीही प्रत वाचवू शकत नाही. पण बाकीच्यांना आधी संशयाचा फायदा द्या.

आवाज मूळचा मोनो आहे. साउंडबारचा ‘सराउंड’ किंवा ‘३डी’ परिणाम बंद करा, नाहीतर संवाद विहिरीतून येतात.

प्रोजेक्टर लावणार असाल तर त्याचा थ्रो रेशो, म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी, बघा. तो १.२ असेल तर २ मीटर रुंद चित्रासाठी भिंतीपासून २.४ मीटर अंतर लागेल. वन बीएचकेच्या हॉलमध्ये हे गणित सोफ्याच्या पाठीशी येऊन अडकतं, म्हणून विकत घेण्याआधी मोजपट्टी काढा. एकेरी चादर टांगू नका, निम्मा प्रकाश पलीकडे जातो. चकाकी नसलेल्या पांढऱ्या रंगाची भिंत उत्तम. केबल, ॲडॅप्टर किंवा यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह लागला तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत एक चक्कर पुरते.

संध्याकाळ

चार-पाच जण पुरे. दोन सिनेमे लावायचे असतील तर गंभीर आधी, गमतीचा नंतर. हा क्रम उलटा केला की बसलेली मंडळी हसायच्या तयारीत असतात आणि मग त्यांना भीती वाटत नाही. साडेआठला ‘कार्निव्हल’ सुरू केला तर ९:४८ ला संपतो, पाव तास चहा, मग ‘लिटल शॉप’ सव्वाअकराला संपतो. एवढ्या छोट्या लांबीचं कारण हेच होतं. एका तिकिटात दोन सिनेमे दाखवले जायचे, त्यामुळे ७०-८० मिनिटांच्या पलीकडे फिल्म खर्च करण्यात अर्थ नव्हता. रात्री दहानंतर निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. किंकाळ्यांच्या सिनेमाला ‘नाइट मोड’ लावा, म्हणजे संवाद ऐकू येतील आणि किंकाळी खालच्या मजल्यापर्यंत जाणार नाही.

खाण्याचं आधी उरका. वेफर्स हवेच असतील तर पिशवीतून ताटात ओतून ठेवा. बाकरवडी मध्यंतरातच. शांत सिनेमात एका बाकरवडीचा आवाज सॉल्टएअरच्या मंडपात घुमतो.

सोसायटीच्या हॉलमध्ये पत्रक लावून दाखवायचं असेल तर हक्कांची विचारपूस करावी लागते. भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाचं वर्ष संपल्यापासून ६० वर्षं चालतो. अमेरिकेत मुक्त म्हणजे इथेही आपोआप मुक्त असं गृहीत धरू नका. शिवाय जाहीर प्रदर्शनाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं.

बघताना एक नियम पाळा: पहिली वीस मिनिटं कुणी टिप्पणी करायची नाही. या सिनेमांत सुरुवात संथ असते, कारण बोलण्याचे प्रसंग स्वस्तात होतात आणि राक्षस महाग पडतो. तो शेवटाकडे राखून ठेवलेला असतो. वीस मिनिटांनंतर खुशाल बोला. प्रश्न मात्र ‘हे खोटं दिसतंय’ असा नको, ते सगळ्यांनाच दिसतंय. ‘पैसे नसताना हे कसं केलं असेल’ असं विचारा. ‘द ईव्हिल डेड’ (१९८१) १६ मिमीवर टिपून ३५ मिमीवर मोठा केला, त्यामुळे त्याचा दाणा जाड आहे. जंगलातून पळत येणारी ती अदृश्य शक्ती म्हणजे फळीला बांधलेला कॅमेरा आणि तो घेऊन धावणारी माणसं. राक्षस बनवायचा खर्च वाचला, आणि दिसत नाही म्हणूनच तो जास्त भीतिदायक झाला.

वाचायची ओढ लागली तर लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासूनचं. पुण्यात राहून ते ग्रंथालय न बघणं म्हणजे आळस.

मग रामसे

इंग्रजी सिनेमे पाच-सहा झाले की घरी या. रामसे बंधूंचा ‘दो गज ज़मीन के नीचे’ (१९७२) महाबळेश्वरात टिपलेला आहे, सुट्टीला जाऊन स्ट्रॉबेरी खातो तिथे. नवख्यांनी मात्र ‘पुराना मंदिर’पासून (१९८४) सुरू करावं. त्यातला राक्षस सामरी झालेल्या अजय अग्रवाल यांचा चेहरा आणि उंची यांनी मेकअपचं निम्मं काम आधीच केलेलं आहे. दिव्यांवर लावलेले निळे, लाल, हिरवे कागद बघा. बावांचे सिनेमे बघून आला असाल तर ओळख पटेल. मध्येच जगदीप यांचा मच्छर सिंग येतो आणि ‘शोले’ची नक्कल सुरू होते. भयपटाची लय तिथे तुटते. पण एका तिकिटात हसू, गाणी, मारामारी आणि भूत असं सगळं द्यायचा तो व्यवहार होता. नवख्याने पहिल्यांदा ते पुढे ढकलू नये, दुसऱ्यांदा खुशाल चहा टाकावा.

परदेशातल्या मोंडो माकाब्रो कंपनीने ‘पुराना मंदिर’ आणि ‘बंद दरवाज़ा’ (१९९०) डीव्हीडीवर काढले. ते हाती लागले नाहीत तर मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी जाऊन व्हीसीडी शोधता येतात. डिस्क घेताना उजेडासमोर धरा. टाचणीएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर ठेवून द्या, आतला थर गेला आहे. मध्यापासून कडेकडे जाणारा ओरखडा चालतो, गोलाकार ओरखडा डिस्क अडकवतो. व्हीसीडीत माहितीचा थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो, म्हणून चित्राच्या बाजूचा खोल ओरखडा सर्वांत घातक. ओलसर मऊ फडक्याने मधून बाहेरच्या दिशेने पुसा, गोल फिरवू नका.

व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, मोठ्या टीव्हीवर त्याचा चुरा दिसतो. त्यामुळे छोटा पडदा घ्या किंवा लांब बसा. एका डिस्कवर ७४ ते ८० मिनिटं मावतात आणि डिस्क बदलायची वेळ कुठेही येऊ शकते, किंकाळीच्या मध्यातसुद्धा. म्हणून बघायच्या आधी दोन्ही डिस्क लॅपटॉपवर उतरवून घ्या. ‘एमपेगएव्ही’ नावाच्या फोल्डरमधली ‘डॅट’ फाइल हाच सिनेमा, ती व्हीएलसीत तशीच चालते. दोन्ही फाइल एकाखाली एक प्लेलिस्टमध्ये टाका आणि पहिलीचा शेवट एकदा चालवून बघा; जुन्या डिस्कची शेवटची पाच मिनिटंच आधी खराब होतात.